ठरावाशिवाय प्रयोग : मोबाईलमधल्या कंपन्या आपल्यावर काय करून पाहतात?

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीसाठी पाठ)



या अंकातला पाठ मोबाईलचा आहे. पण मोबाईल कसा वापरायचा, हा त्याचा विषय नाही. पैसे कसे पाठवायचे, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे बँक सखीने आपल्याला पुष्कळदा सांगितलंय. आज उलट्या बाजूने बघू. आपण मोबाईल वापरतो हे खरं, पण मोबाईलमधली कंपनी आपल्याला कशी वापरते? त्यातली एकच गोष्ट घेऊ. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, यूट्यूब अशा कंपन्या वापरणाऱ्यांवर प्रयोग करतात. ते कसे करतात आणि आपल्याला न विचारता करणं बरोबर आहे का, हे समजून घेऊ.

एकीने मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी ऐका. मध्ये थांबून बोला. शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत.

१. प्रयोग म्हणजे काय?

प्रयोग आपल्याला नवा नाही. घोटी-इगतपुरीच्या पट्ट्यात भात करणारी प्रत्येक बाई प्रयोग करते. इंद्रायणीच्या वावरात एका कोपऱ्यात दोन गुंठे दुसरं वाण लावून बघते. किंवा अर्ध्या वावरात नेहमीसारखी आवणी करते आणि अर्ध्यात चारसूत्रीने, दोरी धरून. दोन्हीकडचं भात वेगळं झोडायचं, वेगळं मोजायचं. ज्यात जास्त उतरलं ते पुढच्या वर्षी.

कंपन्याही हेच करतात. वापरणाऱ्या माणसांचे दोन भाग पाडतात. एका भागाच्या फोनवर बटण निळं दाखवतात, दुसऱ्याच्या फोनवर हिरवं. ज्या रंगावर जास्त बोटं पडली तो ठेवतात. तुमच्या फोनवर एक दिसतं, तुमच्या जावेच्या फोनवर दुसरं. दोघींनाही पत्ता नसतो. अशा चाचण्या बारा महिने चालू असतात.

बटणाच्या रंगाने कुणाचं काही बिघडत नाही. आपला गटही प्रदर्शनात पापडाची दोन तऱ्हेची पाकिटं ठेवतो आणि कोणतं जास्त खपतं ते बघतो. त्यात गैर काय?

गैर कधी होतं, तेही वावरावरूनच समजेल. स्वतःच्या वावरात नवं बियाणं लावून बघणं वेगळं. पीक बुडालं तर आपलं बुडालं. पण शेजारणीला न सांगता, रात्री तिच्या वावरात नवं बियाणं टाकायचं, तिचं पीक कसं येतं ते बांधावरून बघायचं, आणि आकडे मात्र आपल्या वहीत लिहायचे, हे चालेल का? तिचं पीक चांगलं आलं तरी ती विचारेलच, “बाई, वावर माझं ना?”

आपलं मन, आपला वेळ, आपल्या ओळखीपाळखी हे आपलं वावर आहे. ही एक गोष्ट डोक्यात ठेवून पुढची उदाहरणं ऐका.

२. आठवडाभर मन मोजलं

फेसबुक उघडलं की मैत्रिणींनी टाकलेलं सगळंच आपल्याला दिसत नाही. काय वर दाखवायचं, काय मागे ठेवायचं हे कंपनीचा संगणक ठरवतो.

जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडा या निवडीत मुद्दाम फेरफार केला. इंग्रजीत फेसबुक वापरणारी ६,८९,००३ माणसं त्यात होती. काहींच्या फोनवर आनंदाचे शब्द असलेला मजकूर कमी दाखवला. काहींच्या फोनवर दुःखाचे, रागाचे शब्द असलेला मजकूर कमी दाखवला. मग ही माणसं स्वतः काय लिहितात ते संगणकाने मोजलं. प्रश्न असा होता : दुसऱ्याचा आनंद किंवा दुःख, समोरासमोर न भेटता, नुसतं वाचून लागतं का?

उत्तर आलं, लागतं. ज्यांना आनंदाचं कमी दिसलं त्यांच्या लिहिण्यात आनंदाचे शब्द थोडे कमी झाले, दुःखाचे थोडे वाढले. फरक फार लहान होता, हजार शब्दांमागे सरासरी एखादा शब्द. पण जिथे कोट्यवधी माणसं आहेत तिथे लहान फरकही लहान राहत नाही. आणि त्या सात लाखांत एखादी आधीच खचलेली असेल, एखादी बाळंतपणानंतर उदास असेल, एखाद्या घरात नुकतीच माती झाली असेल. त्यांना वगळायला हवं होतं. पण कोण कोणत्या अवस्थेत आहे हे कुणी विचारलंच नव्हतं.

जून २०१४ मध्ये हा अभ्यास अमेरिकेतल्या एका मोठ्या विज्ञानपत्रिकेत छापून आला आणि जगभर ओरड झाली. आपल्यावर प्रयोग झाला हे त्या माणसांना तोवर माहीतच नव्हतं, आणि त्यात आपण होतो की नव्हतो हे पुढेही कुणाला कळवलं गेलं नाही. कंपनीचं म्हणणं असं की खातं उघडताना तुम्ही अटी मान्य केल्या, तीच तुमची संमती. पण नंतर उघड झालं की माहिती संशोधनासाठी वापरू, हे त्या अटींत मे २०१२ मध्ये घातलं. म्हणजे प्रयोग आधी आणि अट चार महिन्यांनी. आधी रक्कम उचलायची आणि मागाहून ठराव लिहायचा, यासारखंच ते झालं.

संशोधकांपैकी दोघे कॉर्नेल विद्यापीठाशी जोडलेले होते. माणसांवरच्या अभ्यासांची नैतिक तपासणी करणारी समिती त्या विद्यापीठात आहे. पण माहिती कंपनीनेच गोळा केलेली असल्यामुळे समितीची पूर्ण तपासणी लागू होत नाही, असं ठरलं. सरकारी पैशातून होणाऱ्या संशोधनाला लागू असलेले नियम खासगी कंपनीला बंधनकारक नव्हते. दार उघडं होतं, त्यातून प्रयोग निघून गेला. विज्ञानपत्रिकेने पुढे जुलै २०१४ मध्ये चिंता व्यक्त करणारं टिपण छापलं.

त्याच दिवसांत फेसबुकच्या मोठ्या अधिकारी शेरिल सँडबर्ग नवी दिल्लीत आल्या होत्या. तिथे त्यांना हे विचारलं गेलं. हे नीट सांगितलं गेलं नाही, त्याबद्दल माफी मागते, असं त्या म्हणाल्या. म्हणजे माफी सांगण्यातल्या कमीची होती, न विचारता प्रयोग केल्याची नव्हती. आपल्या बैठकीत एखादी एवढ्यावर सुटली असती का?

३. खोटी जुळणी

दुसरं उदाहरण स्थळं जुळवणाऱ्या अमेरिकी संकेतस्थळाचं आहे, नाव ओकेक्यूपिड. तिथे माणसं एकमेकांना भेटण्यासाठी नाव नोंदवतात आणि संगणक सांगतो की तुमची जुळणी इतके टक्के. जुलै २०१४ मध्ये त्यांच्या एका संस्थापकाने स्वतःच लिहून सांगितलं की आम्ही काही जोड्यांवर प्रयोग केला. ज्यांची जुळणी ३० टक्के होती त्यांना मुद्दाम ९० टक्के सांगितली. मग बघितलं, ते एकमेकांशी जास्त बोलतात का. बोलले. संस्थापकाचं म्हणणं असं की प्रत्येक संकेतस्थळ असंच चालतं, त्यात काय एवढं?

आपल्याकडे मध्यस्थाने मुलाचं खोटं शिक्षण सांगून स्थळ जमवलं तर गाव त्याला काय म्हणतं, हे आपल्याला सांगायला नको. फेसबुकने मजकूर लपवला होता. इथे सरळ खोटं सांगितलं.

४. राईनपाडा आणि ‘फॉरवर्ड’

आता आपल्या शेजारच्या जिल्ह्यात येऊ. हे उदाहरण वेगळं आहे आणि जास्त अवघड आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली पाच माणसं तिथे आली होती. भिक्षा मागून जगणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होती. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्याच सुमारास आपल्या नाशिक जिल्ह्यात मालेगावलाही अशाच अफवेवरून एका कुटुंबावर जमाव धावून गेला. पोलिसांनी त्यांना वाचवलं.

देशभर अशा घटना घडत होत्या. केंद्र सरकारने व्हॉट्सॲप कंपनीला पत्र लिहिलं. २० जुलै २०१८ रोजी कंपनीने जाहीर केलं की आम्ही एक चाचणी सुरू करतो आहोत. भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, आणि फोटो-व्हिडिओशेजारचं पटकन पुढे पाठवायचं बटण काढून टाकू. भारतातले लोक इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त संदेश, फोटो, व्हिडिओ पुढे ढकलतात, असंही कंपनीने सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा साऱ्या जगाला लावली. एप्रिल २०२० पासून, पुष्कळदा पुढे गेलेला, म्हणजे दोन बाणांची खूण असलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

हाही प्रयोगच होता, आणि तो आपल्यावर झाला. पण तो उघड सांगून केला, कारण सांगून केला, आणि माणसांचे जीव वाचावेत म्हणून केला. त्याला आपण नावं ठेवू नये. मग प्रश्न कुठला? प्रश्न त्याच्या आधीचा आहे. एका बोटाने शेकडो ठिकाणी संदेश पाठवण्याची सोय कोट्यवधी लोकांच्या हातात दिली, तेव्हा खेड्यापाड्यांत याचं काय होईल हे कुणी तपासलं होतं का? लहान जागी, काळजीने, आधी करून बघितलं असतं तर? म्हणजे प्रयोग केला म्हणून नुकसान होतं, तसंच प्रयोग न करता सगळ्यांवर एकदम सोडल्यानेही होतं.

म्हणून “प्रयोग नकोच” असं म्हणून चालणार नाही. प्रयोग कसा करायचा, हा खरा प्रश्न आहे.

५. कळलं, पण सांगितलं नाही

फेब्रुवारी २०१९ मध्ये फेसबुकच्याच एका कर्मचाऱ्याने केरळमधल्या माणसाच्या नावाने चाचणीचं नवं खातं उघडलं. नियम एकच. फेसबुक जे गट सुचवेल त्यात जायचं, जे व्हिडिओ सुचवेल ते बघायचं. तीन आठवड्यांत ते खातं द्वेषाने, खोट्या बातम्यांनी, मेलेल्या माणसांच्या चित्रांनी भरून गेलं. तेव्हा पुलवामाचा हल्ला झाला होता, वातावरण तापलेलं होतं.

या प्रयोगात खऱ्या माणसाला त्रास दिला नाही, हे चांगलंच. पण जे कळलं ते कंपनीच्या आत राहिलं. फ्रान्सेस हॉगन नावाच्या बाईने नोकरी सोडताना कंपनीची कागदपत्रं बाहेर आणली, तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये हे जगाला समजलं. म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षांनी. विहिरीचं पाणी तपासलं, खराब निघालं, आणि अहवाल कपाटात ठेवला, असं हे झालं. पाणी पिणाऱ्यांना सांगायला नको?

६. दवाखान्यातले प्रयोग : आपल्याच राज्यातला धडा

माणसांवर प्रयोग करायचे तर काय पाळायचं, हे औषधाच्या जगाने खूप चुका करून शिकून घेतलंय. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अभ्यासाआधी नैतिकता समिती हवी, आणि त्या समितीत डॉक्टर नसलेली साधी व्यक्तीही हवी. तुमच्या भाषेत माहिती सांगायची. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यायचा. मधेच “मी यात नाही” म्हटलं तरी उपचार बंद करायचे नाहीत.

एवढं असूनही प्रश्न संपत नाहीत. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल मोठा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय आणि बार्शीचं कर्करोग रुग्णालय त्यात होतं. १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात आल्या. गावांचे चार भाग केले. तीन भागांत तीन वेगवेगळ्या तपासण्या केल्या. चौथ्या भागातल्या बायकांची तपासणी अभ्यासात केली नाही. आधीपासून जी सोय होती तीच त्यांना राहिली. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही नावाची तपासणी एकदाच केली तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात. त्याचा उपयोग आज जगभरच्या बायकांना होतो.

पण चौथ्या भागातल्या बायकांचं काय? त्यांना तपासणीविना ठेवणं बरोबर होतं का, त्यांना ते नीट समजावलं होतं का, असे प्रश्न पुढे वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी विचारले, आणि अभ्यास करणाऱ्यांनी आपली बाजू मांडली. तेव्हा नेहमीच्या सोयीत तपासणी नव्हतीच, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजू अजून मांडल्या जातात.

सांगायचं एवढंच की दवाखान्याच्या प्रयोगात निदान कागद आहे, समिती आहे, नाव आहे. म्हणून वीस वर्षांनी का होईना, कुणाला विचारायचं ते माहीत आहे. मोबाईलमधल्या प्रयोगात आपल्याला तारीखही माहीत नसते.

७. आपली कसोटी : चार प्रश्न

बरोबर काय, चूक काय हे ठरवायला मोठ्या पुस्तकाची गरज नाही. गट चालवताना आपण जे पाळतो तेच लावून बघू.

पहिला प्रश्न : विचारलं का? आपल्या गटात ठरावाशिवाय रुपया हलत नाही. अध्यक्षाने मनाने निर्णय घेतला तर बाकीच्या उभ्या राहतात.

दुसरा प्रश्न : समजेल असं सांगितलं का? इतिवृत्त आधी वाचून दाखवायचं, मग सही किंवा अंगठा. न वाचलेल्या कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. मोबाईलवरचं “मान्य आहे” हे बटण म्हणजे बऱ्याच वेळा न वाचलेल्या कागदावरचा अंगठाच असतो.

तिसरा प्रश्न : नाही म्हणता येतं का? गटात एखादीने कर्ज नको म्हटलं तर तिचं सभासदत्व जात नाही. पण जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी आणल्या तेव्हा मान्य करा नाहीतर ॲप सोडा, अशी पाळी लोकांवर आली. शाळेचा गट, ग्रामसंघाचा गट, माहेरची माणसं सगळी तिथेच असताना सोडायचं कसं? या अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मालक कंपनी मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोठावला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली.

चौथा प्रश्न : नुकसान झालं तर उत्तर कोण देणार? आपल्या वह्यांचं ऑडिट होतं. चूक निघाली तर नाव निघतं.

आता वरची उदाहरणं या कसोटीवर घासून बघा. फेसबुकच्या २०१२ च्या प्रयोगात चारही प्रश्नांचं उत्तर नाही असंच येतं. ओकेक्यूपिडने नंतर कबूल केलं, एवढाच फरक. व्हॉट्सॲपच्या २०१८ च्या चाचणीत विचारलं नाही, पण सांगितलं. केरळच्या खात्याने कुणाला दुखावलं नाही, पण निष्कर्ष दडवला.

८. कंपन्यांची बाजू

दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्यावं, ही आपली रीत आहे.

कंपन्या म्हणतात, आधी सांगितलं तर माणसं वेगळं वागतात, मग खरं उत्तर मिळत नाही. यात तथ्य आहे. साहेब तपासणीला येणार म्हटलं की अंगणवाडीही चकाचक असते. त्या असंही म्हणतात की प्रत्येक बटणासाठी विचारत बसलो तर लोकच कंटाळतील. हेही खरं.

पण याला उपाय आहेत. बटणाच्या रंगासाठी विचारू नका. मनावर, आरोग्यावर, मतदानावर, पैशावर परिणाम होणार असेल तर विचारा. अमेरिकेत २०१० च्या निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने ६ कोटी १० लाख लोकांना ‘मत द्या’ असा संदेश दाखवून परिणाम मोजला होता. त्यामुळे सुमारे ३,४०,००० मतं वाढली, असा अभ्यासकांचा अंदाज. हेतू चांगला होता. पण उद्या तोच संदेश एकाच पक्षाच्या वस्तीत दाखवला तर?

म्हणून मोठ्या प्रयोगाला बाहेरची समिती हवी. लहान मुलं वगळायला हवीत. वर्षातून एकदा तरी विचारता येतं, “अभ्यासात सामील व्हाल का?” आणि प्रयोग संपल्यावर, “तुम्ही यात होता, हे कळलं” एवढं सांगायला काय हरकत आहे? आधी सांगता येत नसेल, पण नंतर तर येतं.

९. कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लक्षात ठेवायच्या गोष्टी :

• संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली हवी.
• कशासाठी माहिती घेतो ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय हवी. त्यात मराठी आहे.
• संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं.
• १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. सरकार काही ठिकाणी सूट देऊ शकतं.

एक कच्चा दुवाही सांगायला हवा. हा कायदा माहितीबद्दल आहे, प्रयोगांबद्दल थेट नाही. संशोधन आणि आकडेवारीच्या कामाला, ठरावीक अटी पाळल्या तर, त्यात सूट आहे. म्हणजे दवाखान्यातल्या प्रयोगासाठी जशी समिती सक्तीची आहे, तशी मोबाईलमधल्या प्रयोगासाठी अजून नाही. ही मागणी लोकांनीच करायची आहे.

१०. आपण काय करू शकतो?

१. दोन बाणांची ‘पुष्कळदा फॉरवर्ड’ खूण दिसली की थांबा. कुणी पाठवलं, कुठलं, कधीचं हे विचारा. उत्तर नसेल तर पुढे पाठवू नका. राईनपाडा विसरायचं नाही.

२. मोबाईल बघून झाल्यावर जीव उदास वाटला, राग आला, तर “मीच अशी” असं लगेच म्हणू नका. काय दिसलं त्याचाही तो परिणाम असू शकतो. उदासी बरेच दिवस राहिली तर आशाताईशी किंवा आरोग्य केंद्रात बोला.

३. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये, गोपनीयतेत, मला गटात कोण घालू शकतं हे ठरवता येतं. यूट्यूबवर काय पाहिलं याची नोंद बंद करता येते. एकीला येत असेल तर तिने बाकीच्यांना शिकवा.

४. गटाचा माल विकताना एकाच ॲपवर विसंबू नका. आज तुमच्या तांदळाची पोस्ट पाचशे जणींना दिसेल, उद्या पन्नास जणींना, आणि कंपनीने काय बदललं ते कळणारही नाही. गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर, त्यांना विचारून, वहीत लिहून ठेवा.

५. तक्रार करता येते. २०२१ च्या नियमांप्रमाणे मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यांच्या उत्तराने समाधान झालं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाईन दाद मागता येते.

६. आपणही हे पाळू. गटातल्या बाईचा फोटो, कर्जाची रक्कम, आधार क्रमांक तिला न विचारता व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. सर्वेक्षणाला कुणी आलं तर त्यालाही हेच चार प्रश्न विचारायचे.

बैठकीत करून पाहा

पाच जणींनी आपापला मोबाईल घ्या. सगळ्यांनी यूट्यूबवर एकच शब्द शोधा, उदाहरणार्थ ‘भात’. वरचे पाच व्हिडिओ कागदावर लिहा आणि कागद शेजारी शेजारी ठेवा. कुणाला आवणीचं दिसेल, कुणाला मसालेभाताचं. सगळ्यांना सारखंच दिसतं का? फरक असेल तर तो कशामुळे असेल?

चर्चेसाठी प्रश्न

१. मैत्रिणीच्या आनंदाच्या बातम्या तुम्हाला आठवडाभर मुद्दाम कमी दाखवल्या आणि वर्षाने तुम्हाला कळलं, तर तुम्ही कंपनीला काय विचाराल?
२. फॉरवर्डची मर्यादा आपल्याला न विचारता आली. तरी ती योग्य होती असं तुम्हाला वाटतं का? का?
३. धाराशिवच्या चौथ्या भागात तुमचं गाव असतं, तर तुम्हाला आधी काय सांगायला हवं होतं?
४. तुमच्या मुलीच्या किंवा सुनेच्या मोबाईलवर प्रयोग होत असेल, तर तिला चार प्रश्नांपैकी कोणता आधी शिकवाल?

चर्चेत जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा आणि सीआरपी ताईंकडे द्या. सगळ्या ग्रामसंघांचं एकत्र करून प्रभागसंघाच्या सभेत ठेवू. मोबाईलमधल्या मोठ्या प्रयोगांना बाहेरची समिती सक्तीची करावी, असा ठराव तुमच्या ग्रामसंघाला मांडावासा वाटला तर सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह लिहून पाठवा.